वारसाकराचे भय कोणास?

ज्याच्या घरात चोराने नेण्याजोगे फारसे काही नाही, त्यास चोराचे भय घालावे आणि त्याच्याकडून रात्रभर दुसऱ्याच्या वाड्यावर पहारा करून घ्यावा, ही युक्ती आपल्या देशात जुनी आहे. वारसाकराविरुद्ध अधूनमधून जी ओरड उठते, ती याच युक्तीचा एक नमुना होय. मनुष्य मरण पावल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या मोठ्या मालमत्तेचा काही हिस्सा सरकारने करापोटी घ्यावा की न घ्यावा, हा वादाचा मूळ मुद्दा. परंतु हा वाद निघाला म्हणजे कोट्यधीश स्वतः पुढे येत नाही. तो शेतकऱ्यास पुढे करतो. “बापजाद्यांची जमीन सरकार घेईल, कुटुंबाची शेती मोडेल, लेकराच्या तोंडचा घास जाईल,” अशी हाकाटी होते. आणि ज्याच्या नावावर दीड-दोन एकर आहे, तो बिचारा घाबरून त्या हाकाटीत आपलाही सूर मिसळतो.

या लेखात मला तुम्हांस दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. मोठ्या मालमत्तेवरील वारसाकरास विरोध करण्यात तुमचे काडीचेही हित नाही, ही पहिली. आणि ज्या मार्गांनी तुमचा वारसा आज प्रत्यक्ष बुडत आहे, ते मार्ग या हाकाटीच्या धुरळ्यात तुम्हांस दिसेनासे झाले आहेत, ही दुसरी. मी वकील आहे. म्हणून भावनेपेक्षा कायदा आणि आकडे यांच्याच आधारे बोलेन.

प्रथम ब्रिटनचे उदाहरण घेऊ. कारण कुटुंबाच्या शेतीवरील वारसाकरासंबंधी अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेला झगडा तेथे झाला. त्या देशात मृताच्या मालमत्तेपैकी ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरील भागावर सामान्यतः ४० टक्के कर बसतो. शेतजमिनीला मात्र १९९२ पासून बहुतांशी पूर्ण माफी होती. शेती कितीही मोठी असो, कर शून्य. याचा परिणाम काय झाला? ज्यांनी कधी नांगर धरला नाही असे श्रीमंत लोक कर चुकविण्यासाठी जमिनी खरेदी करू लागले. सरकारने प्रसिद्ध केलेला २०२१-२२ या वर्षाचा हिशेब पाहा. त्या वर्षी या सवलतीचा जो लाभ दिला गेला, त्यांपैकी ४० टक्के लाभ अवघ्या ११७ मालमत्तांच्या पदरात पडला, आणि त्याची रक्कम होती २१ कोटी ९० लाख पौंड. सवलत मागणाऱ्यांत हे ११७ जण म्हणजे जेमतेम सात टक्के. नाव शेतकऱ्याचे आणि माप जमीनदाराच्या पोत्यात, असा हा व्यवहार होता.

३० ऑक्टोबर २०२४ रोजी अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी या सवलतीस मर्यादा घातली. शेती व व्यवसाय मिळून पहिल्या १० लाख पौंडांपर्यंत पूर्ण माफी, त्यावरील भागावर निम्मी माफी, म्हणजे ४० ऐवजी २० टक्के कर. तोही दहा वार्षिक हप्त्यांत, बिनव्याजी. हा नियम ६ एप्रिल २०२६ पासून लागू करावयाचा ठरला. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी हजारो शेतकरी लंडनमध्ये जमले आणि पुढे वर्षभर ट्रॅक्टरांच्या मिरवणुका निघत राहिल्या.

त्या शेतकऱ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. प्रतिपक्षाच्या म्हणण्यातील सत्यांश नाकारणे हा वकिलीतला कच्चेपणा होय. जमिनीची किंमत आभाळास भिडलेली आणि शेतीचे उत्पन्न मात्र तुटपुंजे, अशी स्थिती तेथे अनेक मध्यम शेतकऱ्यांची आहे. त्यांच्याजवळ जमीन आहे, रोकड नाही. जिवंतपणी मुलास बक्षीस दिलेली मालमत्ता, देणारा सात वर्षे जगला तर, करातून सुटते; पण नियम जाहीर झाला तेव्हाच जे अतिवृद्ध होते, त्यांनी सात वर्षांची हमी कोणाकडून आणावी? हे प्रश्न रास्त होते. म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने पूर्ण माफीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाख पौंडांवर नेली. पतिपत्नी मिळून ती ५० लाखांपर्यंत जाते.

यातून निष्पन्न काय होते? मर्यादा बदलली, पण तत्त्व बदलले नाही. कसणाऱ्याची शेती वाचविणे आणि धनिकाची पळवाट बुजविणे ही दोन्ही कामे एकाच कायद्याने होऊ शकतात. प्रश्न उरतो तो रेषा कोठे ओढावयाची एवढाच. “शेतकरी वाचवा” याचा अर्थ “सर्व मालमत्ता करमुक्त ठेवा” असा होत नाही. आणि हेही ध्यानात घ्या की, त्या सर्व गदारोळात ज्या शेतमजुराच्या वा कुळाच्या नावावर जमीनच नाही, त्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. ज्याला वारसाच नाही, त्याचा वारसाकराच्या वादात प्रवेशच नसतो.

आता स्वदेशाकडे वळू. वारसाकर ही आपल्याकडे परदेशातून नव्याने आणावयाची वस्तू नव्हे. १९५३ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, संसदेने इस्टेट ड्यूटीचा, म्हणजे संपदा-शुल्काचा, कायदा केला आणि १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अंमलात आला. पुढे वरच्या टप्प्यावरील दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. कागदावर दर प्रचंड, वसुली मात्र क्षुल्लक. १९८५ साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी हा कर रद्द करताना सांगितले की, त्याचे उत्पन्न वर्षाला सुमारे २० कोटी रुपयेच आहे, वसुलीचा खर्च फार आहे, आणि विषमता कमी करण्याचा हेतूही साधलेला नाही. १६ मार्च १९८५ पासून घडणाऱ्या मृत्यूंवर तो लागू राहिला नाही. संपत्तीकर तेवढा उरला होता, तोही २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. आज या देशात अब्जाधीशाच्या मुलास बापाची मालमत्ता मिळताना वारसा म्हणून एक पैसाही कर भरावा लागत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसाकराचा उल्लेख केला. एवढ्यावरून केवढे वादळ उठले! एका पक्षाने त्यावर प्रचाराचे रान पेटविले आणि दुसऱ्या पक्षाने हे आमचे मत नव्हे म्हणून कानांवर हात ठेवले. हा कर आपण आणणार नाही, हे सांगण्यात दोन्ही बाजूंची अहमहमिका लागली. कर योग्य की अयोग्य, किती मालमत्तेवर, कोणत्या दराने, याची चर्चा झाली नाही ती नाहीच. खेड्यापाड्यांतील आपल्या माणसांपर्यंत पोचले ते एवढेच: “आता सरकार आपली जमीनही काढून घेणार.”

वाचकहो, या भीतीस कायद्याचा आधार किती आहे ते तपासा. आपल्या संविधानाची सातवी अनुसूची उघडून पाहा. संघसूचीतील ८७ व ८८ या नोंदींनी संपदा-शुल्क आणि उत्तराधिकारावरील शुल्क यांचा अधिकार केंद्रास दिला आहे. परंतु दोन्ही नोंदींत “शेतजमीन सोडून” ही अट आहे. शेतजमिनीवरील या दोन्ही शुल्कांचा अधिकार राज्यसूचीतील ४७ व ४८ या नोंदींनी राज्यांकडे ठेविला आहे. म्हणजे राज्यांच्या विधानसभांनी ठराव करून अधिकार दिल्याखेरीज केंद्रास शेतजमिनीवर संपदा-शुल्क बसविता येत नाही, हे संविधानातच नमूद आहे. १९५३ चा कायदा शेतजमिनीस लागू झाला तो ज्या राज्यांनी असे ठराव केले त्या राज्यांपुरताच. संपत्तीकराची गोष्ट वेगळी. हरभजनसिंग धिल्लाँ यांच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा मताने, शेतजमीन संपत्तीकराच्या हिशेबात धरण्याचा संसदेचा अधिकार मान्य केला. परंतु पुढे तीही तरतूद मागे घेण्यात आली. तात्पर्य, “दिल्लीने उद्या ठरविले की परवा तुमचे वावर जप्त,” असे जो सांगतो तो एक तर संविधान वाचलेला नाही, नाही तर तुम्ही ते वाचणार नाही अशी त्याची खात्री आहे.

आता आकड्यांकडे या. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहिवाट १.०८ हेक्टरांची आहे, आणि अनुसूचित जातींच्या खातेदारांची सरासरी ०.७८ हेक्टरांची, म्हणजे दोन एकरांहूनही किंचित कमी. ही सरासरी झाली ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांची. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींतील काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक शेतमजूर होते; त्यांच्या वाट्यास ही दोन एकरेही आलेली नाहीत.

दुसऱ्या टोकास पाहा. महाराष्ट्रात १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आहे. १९७५ साली सुधारलेल्या मर्यादेनुसार सामान्य कुटुंबास बारमाही बागायत १८ एकर, आणि कोरडवाहू ५४ एकर, याहून अधिक जमीन ठेवता येत नाही. आता किंमत धरू. भूमिहीनांना जमीन विकत घेऊन देण्याची दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची जी योजना राज्यात आहे, तीत २०१८ साली सरकारने जिरायतीस एकरी ५ लाख आणि बागायतीस एकरी ८ लाख रुपये ही कमाल किंमत ठरविली. सरकारच्याच या दराने ५४ एकर जिरायतीची किंमत होते २ कोटी ७० लाख, आणि १८ एकर बागायतीची १ कोटी ४४ लाख. म्हणजे वारसाकरातून सुटीची मर्यादा नुसती पाच कोटी ठेविली, तरी कायद्याप्रमाणे वागणाऱ्या आणि शेती हेच ज्याचे साधन आहे अशा महाराष्ट्रातील कोणत्याही सामान्य शेतकरी कुटुंबास या दराने एक रुपयाही कर पडत नाही. ब्रिटनने ठरविलेली २५ लाख पौंडांची मर्यादा तर आपल्या २५ कोटी रुपयांहूनही वर जाते. मग तुमच्या दोन एकरांस, ज्यांची किंमत या हिशेबाने जिरायत धरल्यास दहा लाख आणि बागायत धरल्यास सोळा लाख भरते, भय कशाचे? आणि ज्यास पाच कोटींच्या मर्यादेनेही धास्ती वाटते, त्याच्याजवळ शेतीखेरीज दुसरे काय काय आहे, हे तुम्ही त्यास का विचारू नये?

शहरालगतच्या जमिनीचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. पुण्याच्या वा नागपूरच्या वेशीवरील एकरास आज कोटींचा भाव आहे. तेथे कसणारा गरीबही कागदावर कोट्यधीश ठरेल. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर अवघड नाही. जमीन कसली जात आहे तोवर तिची किंमत शेतीच्या दराने धरावी. ती बिनशेती होऊन विकली गेली, म्हणजे वाढीव किमतीवर कर घ्यावा. नांगरास सूट, दलालीस नाही. असे कलम लिहिणे कायदेपंडितांस अशक्य नाही. इच्छा मात्र पाहिजे.

आता विरोधकांच्या ठरावीक आक्षेपांचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप असा की, ज्या पैशावर मालकाने जन्मभर कर भरला, त्यावर मेल्यावर पुन्हा कर का? हा आक्षेप निदान शेतीच्या नावाने तरी घेता येत नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. ग्रामीण शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावरही नाही. जमिनीचा भाव चढतो तो सरकारने रस्ता बांधला, कालवा काढला, शहर वाढले म्हणून. मालकाने घाम गाळला म्हणून नव्हे. आणि कर द्यावयाचा तो मृताने नव्हे, वारसाने. ज्याने त्या मालमत्तेसाठी जन्म घेण्यापलीकडे काही केलेले नसते. उलट शेतमजूर बाई तेल, साबण, काडेपेटी घेते तेव्हा प्रत्येक वस्तूवर कर भरते. तिच्या मजुरीस जो देश सूट देत नाही, त्याने अब्जांच्या वारशास पूर्ण सूट का द्यावी?

दुसरा आक्षेप असा की, कराने शेतीचे तुकडे होतील. शेतीचे तुकडे का होतात, याचा विचार बाबासाहेबांनी १९१८ सालीच आपल्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात केला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की, जमिनीचा तुकडा लहान हे खरे दुखणे नव्हे. भांडवलाचा अभाव आणि शेतीवर लादलेला माणसांचा फाजील भार हे खरे दुखणे. त्यावर उपाय औद्योगिकीकरण. १९८५ नंतर तर या देशात संपदा-शुल्क नाहीच. तरी वाटण्या थांबल्या काय? तुकडे पडावयाचे राहिले काय? ज्या कराचे अस्तित्व नाही, त्याच्या माथी हा दोष कसा मारता येईल?

तिसरा आक्षेप असा की, पूर्वी हा कर फसला, म्हणून पुन्हा नको. कर फसला हे खरे. परंतु का फसला? दर इतका अवाजवी की तो भरण्यापेक्षा चुकविण्याकडेच कल व्हावा. आणि बक्षीसपत्रे, विश्वस्त संस्था व एकत्र कुटुंबाच्या नावाने वाटा इतक्या मोकळ्या की मोठे मासे सुटावे व लहान सापडावे. कुंपण मोडके होते म्हणून शेत राखूच नये, हा कोणता न्याय? मर्यादा उंच, दर माफक, पळवाटा बंद, हप्त्यांची सोय: अशा रीतीने तो आखता येतो. संविधानाच्या मूळ अनुच्छेद २६९ प्रमाणे या शुल्काचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावयाचे होते, हेही विसरता कामा नये.

चौथा आक्षेप भावनेचा आहे: बापाने मुलासाठी ठेवावे हा निसर्ग आहे, त्यात सरकारने हात घालू नये. प्रेम हा निसर्ग खरा. पण वारसाहक्क हा निसर्ग नव्हे, तो कायदा आहे. कोणास किती मिळावे हे कायद्याने ठरविले आणि कायद्याने वेळोवेळी बदलले. याचा अनुभव आपल्याइतका कोणास असणार? शेकडो वर्षे आपल्या पूर्वजांस वारशाने काय मिळाले? गावची वेठ मिळाली, मेलेले ढोर ओढण्याचे काम मिळाले, गावाबाहेरची वस्ती मिळाली. आणि वतनाच्या नावाखाली असा एक जमिनीचा तुकडा मिळाला की, ज्याच्या मोबदल्यात अख्ख्या जातीने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करावी. दुसऱ्या घरी त्याच काळात शेकडो एकर, मान आणि विद्या वारशाने जात होती. तेव्हा “वारसा पवित्र आहे, त्यास हात लावू नका,” हे वाक्य आपल्यापुढे कोणी उच्चारले, तर कोणाचा वारसा, असे त्यास उलट विचारणे हे आपले कर्तव्य होय.

हीच भाषा आपण पूर्वीही ऐकली आहे. हिंदू कोड बिलात मुलीस वारसा देण्याचा प्रश्न आला, तेव्हाही “शेताचे तुकडे होतील, घर मोडेल” हीच ओरड होती. ते बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा त्याग केला. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. तेव्हा खोतांच्या वंशपरंपरागत हक्कांची अशीच आण घातली गेली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तर ते याहून कितीतरी पुढे गेले. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन जातिधर्म न पाहता गावकऱ्यांस सामूहिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, अशी त्यांची मागणी होती. ज्याने एवढी मागणी केली, त्याच्या अनुयायांनी पाच कोटींवरील मालमत्तेच्या माफक कराने भयभीत व्हावे, हे शोभत नाही.

परंतु बंधुभगिनींनो, दुसऱ्यास प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. सरकारचा वारसाकर आज अस्तित्वात नाही, तरी आपला वारसा बुडतो. तो कोठे बुडतो, ते ऐका.

एक: आजोबा वारून तीस वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर नाव आजोबांचेच. त्यामुळे कर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही, आणि कालव्यात वा रस्त्यात जमीन गेली की पैसा कचेरीत अडकून पडतो. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की, २०२५ साली राज्य सरकारला ‘जिवंत सातबारा’ या नावाची मोहीम काढावी लागली. वारसाची नोंद हे लाचेने वा कृपेने मिळावयाचे दान नव्हे. मृत्यूचा दाखला व वारसांची यादी घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठ सोडू नका.

दोन: हा मुद्दा कटू आहे, पण सांगितलाच पाहिजे. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलगी ही मुलाबरोबर पहिल्या वर्गाची वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलार्जित एकत्र मालमत्तेतही तिचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. आणि त्यासाठी त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. असे असता आपल्या घरांत काय चालते? बाप गेल्यावर बहिणीस माहेरी बोलवावयाचे, साडीचोळी करावयाची आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यावयाचा. हे कागद माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांत बौद्ध कुटुंबांचे कागद इतरांहून कमी नसतात. सरकार उद्या दहा टक्के कर घेईल म्हणून जो मनुष्य आज आकांत करतो, तोच आपल्या सख्ख्या बहिणीकडून शंभर टक्के कर वसूल करतो. ज्यांनी बावीस प्रतिज्ञांत समता मान्य केली, त्यांनी सातबाऱ्यावर ती नाकारावी काय?

तीन: ज्यांच्याकडे पूर्वीच्या वतनाची जमीन आहे, त्यांनी आपला उतारा आजच काढून पाहावा. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, वतने गेली आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्यास जमिनी पुन्हा दिल्या गेल्या. परंतु जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून त्या हस्तांतरित करता येत नाहीत, या शर्तीवर. ती जमीन वारसांकडे जाते. मात्र परवानगीवाचून केलेले खरेदीखत तुमचा घात करते. कोऱ्या कागदावर सही मागणारा दलाल हा कोणत्याही करवसुली अधिकाऱ्याहून तुमचा मोठा शत्रू होय.

चार: नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांस भाऊबंद दटावतात की, “धर्म बदललास, आता बापाच्या जमिनीत तुझा वाटा नाही.” हे धादांत खोटे आहे. उत्तराधिकार कायद्याचे कलम २ बौद्धांस स्पष्ट शब्दांत लागू आहे. धर्मांतरितांच्या मुलांस अपात्र ठरविणारे जे कलम २६ आहे, ते या कायद्याच्या कक्षेबाहेरच्या धर्मांत गेलेल्यांपुरते आहे. कायद्याचे नाव हिंदू असल्याने तुमचा धर्म हिंदू ठरत नाही आणि तुमचा धर्म बौद्ध असल्याने तुमचा हिस्सा जात नाही. दोन्ही गोष्टी ठामपणे सांगा.

आता, मागावयाचे काय? “वारसाकर नको” ही मागणी आपली असू शकत नाही. आपली मागणी अशी असली पाहिजे की, कसणाऱ्या कुटुंबाची शेती पूर्णपणे वगळून मोठ्या मालमत्तेवर माफक वारसाकर बसवावा. शेतीच्या सवलतीचा लाभ प्रत्यक्ष कसणाऱ्यासच मिळावा, शेतीचा बुरखा पांघरून शहरात राहणाऱ्यास नव्हे. आणि येणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा भूमिहीनांस जमीन मिळवून देण्याकडे कायद्यानेच बांधून टाकावा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ साली जमिनीसाठी तुरुंग भरले. त्यांच्या नावाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांतील भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याचे वचन आहे, आणि २०१८ पासून ते शंभर टक्के अनुदानावर आहे. परंतु ठरविलेल्या भावात जमीन विकावयास कोणी तयार होत नाही, म्हणून वचन पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहते. तेथे पैसा हवा. आणि तो कोठून यावा हे मी वर सांगितले आहे.

या कराने जातिभेद नष्ट होईल किंवा सर्वांस जमीन मिळेल, असे आश्वासन मी देत नाही. कर हे विषमतेवरचे पूर्ण औषध नव्हे. परंतु जन्माने मिळालेल्या धनावर समाजाचाही काही हक्क आहे, एवढे तत्त्व जो देश कायद्यात लिहितो, तो जन्माने मिळालेल्या उच्चनीचतेच्या मुळावरही एक घाव घालतो. हे तत्त्व आपण नाही उचलून धरावयाचे तर कोणी?

म्हणून पुढच्या निवडणुकीत तुमच्या वस्तीत येऊन कोणी वारसाकराचा बागुलबुवा दाखवील, तेव्हा त्यास बसवून घ्या, पाणी द्या आणि तीन प्रश्न विचारा: सुटीची मर्यादा किती? तुझी स्वतःची मालमत्ता किती? आणि तुझ्या सातबाऱ्यावर तुझ्या बहिणीचे नाव आहे काय? मात्र हा तिसरा प्रश्न विचारण्यापूर्वी आपला स्वतःचा सातबारा दुरुस्त करून ठेवा.

जय भीम.